मीच शे

दोंडाईच्याच्या स्टेशन रोडला माझं दुकान:
एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र,
आणि ते पुसायचं फडकं, जे दुपारपर्यंत तिखट होतं.

सुपडाबाई कोळी मिरचीच्या पथारीवरून थेट आली,
आणि रांगेतले सगळे शिंकले.
तिला धुळ्याच्या दवाखान्यातले तिचे कागद हवे होते,
तीन वर्षांपूर्वीचे.
नवा डॉक्टर म्हणतो, जुनं दाखव.
जुनं सगळं आता काचेच्या आत.

अंगठा ठेवला. जुळत नाही.
दुसरा. जुळत नाही.
तीस वर्षं देठ मोडून मोडून
बोटांवरच्या रेषा मिरचीने चाटून नेल्यात.
मोबाइलवर आकडे पाठवू का, यंत्राने विचारलं.
पाठव म्हटलं. सहाच्या सहा आकडे सुरतेला गेले.
सिमकार्ड भाच्याच्या खिशात,
भाच्याचा फोन दिवाळीपासून बंद.

"मी आठे बसेल शे ना," ती म्हणाली.
"त्याले सांग, मीच शे."

पडद्याला मी काय सांगणार.
बारावीच्या मार्कशीटवर मी राजपूत,
रेशनकार्डावर गिरासे,
बँकेत नुसती आर.

उरला गुप्त प्रश्न.
भटूनं निवडलेला, खातं उघडताना. तेव्हा तो नववीत.
तुमच्या सगळ्यात जवळच्या मित्राचं नाव काय?
तीन संधी. चुकलात तर उद्या.

ती हसली. मग गप्प झाली.
"वच्छी," म्हणाली. ढिगाच्या पलीकडे बसते ती.
चूक.
बऱ्याच वेळाने, "शेवंती टाक."
माहेरची, चिमठाण्याची. बाळंतपणात गेली
तेव्हा सुपडाबाई सतराची.
चाळीस वर्षांत हे नाव तिने मोठ्याने घेतलं नसावं.
चूक,
लाल अक्षरांत.

मी म्हटलं, उद्या या.
उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला.
ती उठली नाही.
"कोनी भरेल व्हतं हाई? भटूनी.
मंग तो मन्हं कशाले लिखी? सोतानं लिखी."

आई नाही, बाप ट्रकवर,
वर्गातली पोरं डबा उघडू द्यायची नाहीत.
अशा पोराला जवळचं कोण?
ती स्वतःकडे बोट दाखवत होती,
रेषा नसलेलं.

जिजी. तिला सगळे तेच म्हणतात.
पण इंग्रजीत कसं? आय, की दोन ई?
उरली एकच संधी. तिला अक्षर येत नाही.
तिने डोळे मिटले.
चुलीच्या वर, भिंतीवर, पेन्सिलीने
त्याने एकदा लिहून दाखवलं होतं.
"चार ठिपका व्हतात वर. एका लाइनमा.
मिरचीना बिया जशा."

चार ठिपके. मी मोजून टाकले.

उघडलं.
नाव: सुपडाबाई.
(आधीची तीन गेली, म्हणून सुपात घालून
शेजारणीकडून शेरभर बाजरीला परत घेतलेली.
ते तिथे नाही.)
जन्म: एक जानेवारी, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांसारखाच.
वजन: एकेचाळीस.
खोकला, चार महिने.
सोबत आलेली व्यक्ती: मुलगा.

मी वाचून दाखवलं. थांबले.
इथे दुरुस्तीचं बटण असतं.
ती म्हणाली, "छाप."

निघताना मी बजावलं, नियमच आहे तसा:
उत्तर कोणाला सांगायचं नाही, जिजी.
तिने मान डोलावली.
कागदाची घडी पोलक्यात सरकवली.

रस्त्यापलीकडे छोटा हत्ती उभा.
ड्रायव्हर हॉर्न दाबून ओरडला,
मागे दाटीने बसलेल्या बाया ओरडल्या,
टपरीवरचं, तिला कधी न पाहिलेलं पोरही
मजेत ओरडलं:
"ओ जिजी! चाल ना वं, जिजी!"